लाइटरूम ६ बदलायचं का? आधी तुमच्याच फाइली उघडून पाहू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅमेरा निकॉन डी७२००, सोबत २००-५०० ची लेन्स. फोटो सुधारायला अडोबीचं लाइटरूम ६ हे सॉफ्टवेअर, एकदाच पैसे भरून घेतलेलं. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, विंडोज १० वर चालणारा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. हिवाळ्यात भिगवणच्या फेऱ्या, जमलं तर ताडोबा, आणि मधूनमधून घरातली लग्नं-मुंजी. बरोबरचे सगळे सबस्क्रिप्शनवर गेलेत आणि तुम्हालाही 'आता बदल' म्हणतायत. पुढच्या वर्षी मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या धर्तीचा कॅमेरा) घ्यायचा विचार आहे. जुन्या फोटोंवर केलेलं काम वाया जाईल अशी धास्ती आहे आणि दर महिन्याला भरलेले पैसे सार्थकी लागतील का, ही शंका.

मी पक्षी आणि वन्यजीवांचे फोटो काढतो, पण त्याहून जास्त वेळ इतरांच्या रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले मूळ फोटो) छपाईसाठी तयार करण्यात जातो. लाइटरूमच्या जुन्या-नव्या आवृत्त्या, कॅप्चर वन, डीएक्सओ, डार्कटेबल अशा सगळ्यांतून आलेलं काम हाताखालून जातं. त्या अनुभवावरून सांगतो: नवीन आवृत्ती जुनीपेक्षा चांगली आहे का, याचं उत्तर 'हो' आहे आणि त्या उत्तराचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. तुम्हाला ठरवायचंय ते हे, की आज तुमचं नेमकं कोणतं काम जुन्या सॉफ्टवेअरमुळे अडलंय. ते कॅमेऱ्यामुळे अडू शकतं, संगणकामुळे अडू शकतं किंवा चित्राच्या दर्जामुळे. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे. सल्ला देणारे लोक त्यांची एकत्र मोट बांधतात, म्हणून गोंधळ होतो.

आधी कॅमेरा, कारण ते सगळ्यांत सोपं. डी७२०० आणि लाइटरूम ६ दोन्ही २०१५ चे. त्या कॅमेऱ्याची एनईएफ, म्हणजे निकॉनची रॉ फाइल लाइटरूम ६ पूर्णपणे वाचतं आणि तुमच्याकडचं सॉफ्टवेअर चालू आहे तोवर वाचत राहील. लाइटरूम ६ चं शेवटचं अपडेट, ६.१४, डिसेंबर २०१७ मध्ये आलं. त्यानंतर बाजारात आलेला कॅमेरा त्याला ओळखता येत नाही. म्हणजे आजच्या कॅमेऱ्यासाठी तुम्हाला काही बदलायची गरज नाही, पण पुढच्या वर्षीच्या मिररलेससाठी काहीतरी करावं लागेल.

ते 'काहीतरी' म्हणजे सबस्क्रिप्शनच असं मात्र नाही. अडोबीने २००४ मध्ये डीएनजी नावाचं खुलं रॉ स्वरूप आणलं आणि त्यांचा डीएनजी कन्व्हर्टर आजही फुकट मिळतो. नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली त्यातून काढल्या की तयार होणारी डीएनजी लाइटरूम ६ उघडतं. फक्त कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जुन्या आवृत्तीशी जुळणारा पर्याय निवडायचा. एक पायरी वाढते, डिस्कवरची जागा वाढते, पण काम होतं. मूळ एनईएफ मात्र टाकून देऊ नका. वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धांत अंतिम फेरीला कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल मागतात, आणि पुढे कधी निकॉनचं स्वतःचं एनएक्स स्टुडिओ वापरायचं झालं तर त्यालाही एनईएफच लागते. हे एनएक्स स्टुडिओ २०२१ पासून फुकट आहे. वेगात ते मागे पडतं, पण निकॉनचे रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसले तसेच देतं. लग्नाच्या फोटोंत त्वचेचा रंग बिनसला असेल तर मी बऱ्याचदा तीच फाइल आधी त्यात उघडून बघतो, म्हणजे दोष प्रकाशाचा की प्रोफाइलचा (सॉफ्टवेअरने रंग कसे दाखवायचे त्या ठरीव नियमांचा) ते कळतं.

मिररलेस घेताना आणखी एक गोष्ट तपासा. सॉफ्टवेअरच्या यादीत कॅमेऱ्याचं नाव असणं पुरेसं नसतं. निकॉनच्या झेड८, झेड९ सारख्या कॅमेऱ्यांत 'हाय एफिशियन्सी' नावाचा रॉचा दाबलेला प्रकार आहे. कॅमेरा यादीत असूनही हा प्रकार काही सॉफ्टवेअरना, विशेषतः मुक्त सॉफ्टवेअरना, उघडता आला नाही. फाइली लहान होतात म्हणून लोक तो पहिल्याच दिवशी चालू करतात आणि घरी येऊन अडकतात. 'लॉसलेस कॉम्प्रेस्ड' (काहीही माहिती न गमावता दाबलेला प्रकार) ठेवलं की ही अडचण येत नाही.

आता संगणक. इथे तुमचं कोडं जास्त गुंतागुंतीचं आहे आणि माझं बरंचसं उत्तर यावर अवलंबून आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे लॅपटॉप बदलणं आज ना उद्या समोर येणारच. लाइटरूम ६ आधीच बसवलेल्या यंत्रावर ते निमूटपणे चालत राहतं. नव्या यंत्रावर ते पुन्हा बसवून चालू करताना काही अडलं, तर कंपनीकडून मदतीची आशा धरू नका. इन्स्टॉलर आणि सिरियल क्रमांक आजच पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. मॅककडे वळायचा विचार असेल तर लाइटरूम ६ धरूच नका. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकने ३२-बिट प्रोग्रॅम बंद केले आणि लाइटरूम ६ चे बसवण्या-चालू करण्याचे भाग त्यातच मोडतात.

याची दुसरी बाजू लोक सांगत नाहीत. आजच्या, सबस्क्रिप्शनवर मिळणाऱ्या लाइटरूम क्लासिकमधल्या ज्या सोयींसाठी सगळे भारावलेत, त्या ग्राफिक्स प्रोसेसरवर चालतात. चांगलं कार्ड असेल तर एका फाइलचा एआय डीनॉइज, म्हणजे नॉइज (कमी प्रकाशात फोटोत दिसणारे दाणे) काढणं, मिनिटाच्या आत होतो. तुमच्यासारख्या, वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर त्याच एका फाइलला कित्येक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ बाकी सगळं ठप्प. म्हणून सबस्क्रिप्शनचा हिशोब करताना लॅपटॉपची किंमत त्यातच धरा. सॉफ्टवेअर आज आणि यंत्र पुढच्या वर्षी, असं केलंत तर मधल्या काळात ज्याच्यासाठी पैसे भरताय तेच वापरता येणार नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, चित्राच्या दर्जावर. इथे सविस्तर लिहितो, कारण निर्णय इथेच होतो.

२०१५ ते आज या काळात रॉ प्रोसेसिंगमध्ये बदल पुष्कळ झाले. पण एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, हायलाइट, शॅडो ही जी रोजची साधनं आहेत, त्यांत तुम्हाला फार फरक दिसणार नाही. लाइटरूममधली आजची हायलाइट-शॅडोची पद्धत २०१२ च्या लाइटरूम ४ मध्ये आली आणि तुमच्याकडे ती आहे. सकाळच्या स्वच्छ उन्हात आयएसओ (प्रकाश कमी होईल तसा वाढवावा लागणारा आकडा) ४०० ला काढलेला रोहित पक्ष्याचा फोटो तुमच्या लाइटरूम ६ मध्ये आणि आजच्या क्लासिकमध्ये सारख्याच काळजीने प्रोसेस करून छापला, तर कागदावर दोघांतला फरक ओळखणं मला तरी कठीण जाईल.

खरी उडी पडली ती नॉइजमध्ये. ती का पडली हे समजून घेतलं तर तुमच्या कोणत्या फोटोंना तिचा फायदा होईल हेही कळेल. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो: निम्मे पिक्सेल हिरवा, एक चतुर्थांश लाल, एक चतुर्थांश निळा. उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतं. प्रकाश भरपूर असला की हा अंदाज अचूक येतो. प्रकाश कमी असला की शेजारचे आकडेच डळमळीत असतात, अंदाज चुकतो, आणि ती चूक पिसांच्या बारीक रेषांत मिसळून जाते. लाइटरूम ६ आधी हे अंदाज भरतं आणि मग नॉइज पुसायला घेतं. तोपर्यंत पीस कुठलं आणि नॉइज कुठला हे वेगळं करणं अवघड झालेलं असतं, म्हणून पुसताना दोन्ही पुसलं जातं. डीएक्सओने २०२० मध्ये फोटोलॅब ४ सोबत डीपप्राइम आणलं, त्यात न्यूरल नेटवर्क हे दोन्ही टप्पे एकाच वेळी करतं. अडोबीचा डीनॉइज एप्रिल २०२३ मध्ये आला, तोही थेट रॉच्या आकड्यांवर काम करतो. म्हणूनच तो जेपीईजीवर चालत नाही.

संध्याकाळी सहा वाजता उजनीच्या पाण्यावर आयएसओ ६४०० ला काढलेल्या चित्रबलाकाच्या फाइलीत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. पंखाच्या कडेच्या बारीक रेषा जुन्या पद्धतीत मेणासारख्या सपाट होतात, नव्या पद्धतीत त्या टिकतात. अशा फाइलींसाठी डीनॉइज मला नव्या लेन्सइतका मोलाचा वाटतो आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

पण तो फायदा तुमच्यापर्यंत पोचतो का, हे फोटो शेवटी कुठे जातो त्यावर ठरतं. डी७२०० चा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. तो क्रॉप न करता, म्हणजे कडा न कापता, फोनवर दाखवायला १०८० पिक्सेल रुंद केला, तर जवळपास तीस मूळ पिक्सेलांची सरासरी होऊन एक नवा पिक्सेल बनतो. या सरासरीतच नॉइज साधारण साडेपाच पटीने खाली येतो. डीनॉइज केलेला आणि न केलेला फोटो फोनवर मग जवळजवळ सारखाच दिसतो. लग्नाचा फोटो घरच्या ग्रुपवर जाणार असेल, तर त्यासाठी दरमहा पैसे भरण्यात अर्थ नाही.

आपण पक्षीवाले मात्र भरमसाट क्रॉप करतो. पक्षी लांब बसलेला, फ्रेममधला चौथा हिस्सा ठेवला, म्हणजे उरले ३००० बाय २००० पिक्सेल. तोच फोटो १०८० वर आणला तर सरासरी तीसऐवजी जेमतेम आठ पिक्सेलांची होते आणि नॉइज डोळ्यांत भरतो. आणि पूर्ण फ्रेम बारा बाय अठरा इंचांवर छापायची म्हटली तर इंचाला ३३३ पिक्सेल पडतात, तिथे सरासरी होतच नाही. जे फाइलीत आहे ते कागदावर उतरतं. तेव्हा आयएसओ जास्त, क्रॉप मोठा किंवा छपाई मोठी, यातल्या दोन गोष्टी ज्या फोटोत एकत्र येतात, त्या फोटोला नव्या सॉफ्टवेअरचा हिशोबात धरण्यासारखा लाभ होतो. तुमच्या गेल्या दोन हिवाळ्यांतल्या आवडत्या फोटोंत असे किती निघतात ते मोजा. लाइटरूम ६ मध्ये लायब्ररी फिल्टरला आयएसओ आणि रेटिंग दोन्ही लावले की ही यादी लगेच मिळते. माझ्या मते हा आकडा तुम्हाला कोणत्याही तुलनात्मक व्हिडिओपेक्षा जास्त सांगेल.

डीनॉइजची एक खोड सांगून ठेवतो. अडोबीमध्ये त्याचा आकडा आपोआप ५० ला असतो. पक्ष्यांसाठी मी तो तीस-पस्तीसच्या आसपास ठेवतो. जास्त लावला की पिसं प्लॅस्टिकची वाटायला लागतात, आणि फोकस जरा हुकलेला असेल तर नेटवर्क तिथे नसलेला पोत तयार करतं. डोळ्याभोवतीची कातडी आणि दूरची गवताची पाती, या दोन जागा शंभर टक्क्यांवर झूम करून बघायच्याच.

दुसरा मोठा बदल मास्किंगचा, म्हणजे फोटोचा एखादाच भाग निवडून सुधारण्याचा. ऑक्टोबर २०२१ पासून लाइटरूम क्लासिक पक्षी किंवा आकाश एका क्लिकमध्ये निवडून देतं. तुम्ही हेच काम ब्रश आणि ऑटो मास्क वापरून करता. परिणाम तोच, वेळ जास्त. इथे हिशोब निव्वळ वेळेचा आहे. लग्नाचे सहाशे फोटो व्यवसाय म्हणून करणाऱ्याला ही सोय महिन्याचे पैसे पहिल्याच कामात वसूल करून देते. हिवाळ्यात महिन्याला वीस-पंचवीस फोटो निगुतीने करणाऱ्याला ब्रश पुरतो, आणि ब्रशने केलेल्या कडा बऱ्याचदा जास्त नैसर्गिक येतात. फोटोत नसलेलं काही भरणारी किंवा काढणारी जनरेटिव्ह साधनं पक्षी-वन्यजीवांसाठी मी विचारातच घेत नाही. स्पर्धांना ती चालत नाहीत, आणि जंगलात होतं ते दाखवायचं तर लागतही नाहीत.

पैसे खर्च करण्याआधी लाइटरूम ६ मध्येच एक करून बघा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जुन्या फाइलींत शार्पनिंग सगळ्या फोटोला सारखं लावलेलं असतं, म्हणजे मागच्या धूसर पाण्यातला नॉइजही धारदार केलेला असतो. डिटेल पॅनेलमधला मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून सरकवा. पडदा काळा-पांढरा होईल. पांढऱ्या भागावरच शार्पनिंग लागतं, तेव्हा पाणी काळं होईपर्यंत तो पुढे न्या. नंतर ब्रश घ्या, त्यातला नॉइजचा स्लायडर वाढवा आणि फक्त पार्श्वभूमीवर फिरवा, पक्ष्याला हात लावू नका. पिसांचा तपशील तसाच राहतो आणि डोळ्यांना खटकणारा नॉइज, जो मुख्यतः सपाट पार्श्वभूमीत असतो, तो निघून जातो. आयएसओ १६००-२००० पर्यंतच्या फाइलींना मला एवढंच पुरतं. ६४०० च्या फाइलींना ते पुरणार नाही.

एवढं करूनही मन मानत नसेल तर चाचणी घ्या, पण तयारी करून. लाइटरूमची चाचणी सात दिवसांचीच मिळते, म्हणून ती सुरू करण्याआधी फाइली निवडून ठेवा. संध्याकाळच्या उशिराच्या प्रकाशातला पक्षी, झाडांच्या सावलीतला ताडोबाचा वाघ, पांढरा पक्षी ज्याचे हायलाइट गेल्यासारखे वाटतात, हॉलमधल्या पिवळ्या-निळ्या दिव्यांखालचा लग्नाचा फोटो, आणि एक असा फोटो ज्यावर तुम्ही आधीच समाधानी आहात. हा शेवटचा मुद्दाम घ्यायचा. त्यातही नवं सॉफ्टवेअर जिंकताना दिसलं, तर तुलनेत काहीतरी गडबड आहे असं समजा.

ती गडबड कुठली असते तेही सांगतो. एप्रिल २०१८ पासून लाइटरूम क्लासिक नव्या रॉ फोटोंना 'अडोबी कलर' हे प्रोफाइल आपोआप लावतं. तुमच्या लाइटरूम ६ मध्ये 'अडोबी स्टँडर्ड' असतं. नव्या प्रोफाइलमध्ये कॉन्ट्रास्ट आणि रंग जरा जास्त आहेत. शार्पनिंगचा मूळ आकडाही तेव्हाच २५ वरून ४० झाला. त्यामुळे दोन्हीकडे फाइल उघडल्या उघडल्या नवीन आवृत्ती जास्त जिवंत आणि धारदार वाटते, आणि 'बघ, केवढा फरक' असं लोक म्हणतात. हा फरक तुम्हाला जुन्यात दोन स्लायडर हलवून मिळतो. तुलना करताना दोन्हीकडे अडोबी स्टँडर्ड ठेवा, शार्पनिंग सारखं करा आणि फोटो शून्यापासून पुन्हा करा. मग एकाच मापाच्या छपाया एकाच कागदावर काढा, मागे खूण करा आणि दोन दिवसांनी खूण न बघता निवडा. कॅमेऱ्यातलं काहीही माहीत नसलेल्या घरच्या माणसालाही निवडायला सांगा. त्याला फरक दिसला तर तो खरा.

आता तुमची धास्ती, जुन्या कामाचं काय. लाइटरूम ६ मधून लाइटरूम क्लासिकमध्ये जाताना काम वाया जात नाही. नवं सॉफ्टवेअर तुमच्या कॅटलॉगची (फोटोंची आणि त्यांवर केलेल्या कामाची लाइटरूममधली नोंदवही) नवी प्रत बनवतं आणि जुना कॅटलॉग जसाच्या तसा राहतो. जुने फोटो आपोआप बदलत नाहीत, कारण प्रत्येक फोटोसोबत तो कोणत्या प्रोसेस व्हर्जनने केला ते नोंदलेलं असतं आणि तुम्ही स्वतः बदलेपर्यंत तेच वापरलं जातं. पण हा रस्ता एकेरी आहे. नव्यात केलेलं काम जुन्या कॅटलॉगमध्ये परत येत नाही आणि जुनं लाइटरूम नवा कॅटलॉग उघडत नाही. म्हणून चाचणी घेताना पूर्ण कॅटलॉग हलवू नका. पन्नासेक फोटो 'एक्सपोर्ट अॅज कॅटलॉग' करून, मूळ फाइलींच्या प्रतींसह, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तेवढेच नव्यात उघडा.

डीएक्सओ, कॅप्चर वन किंवा डार्कटेबलकडे गेलात तर चित्र वेगळं आहे. रेटिंग, कीवर्ड आणि मथळे एक्सएमपी फाइलींतून (फोटोशेजारी राहणाऱ्या छोट्या नोंद-फाइली) बरोबर येतात. त्यासाठी सोडण्याआधी लाइटरूममध्ये सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा. कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी आणि हिस्ट्री मात्र एक्सएमपीत जात नाहीत. आणि एडिटिंगमधलं क्रॉप, एक्सपोजर असं काही मोजकं सोडलं तर बाकी काही पलीकडे नीट पोचत नाही, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं. तेव्हा निवडक, मनातल्या फोटोंच्या १६-बिट टिफ (तुमचं एडिटिंग आतच असलेल्या, पूर्ण दर्जाच्या तयार फाइली) काढून ठेवा. डी७२०० च्या पूर्ण फ्रेमची एक टिफ १४४ एमबीची होते, म्हणून सगळ्यांच्या काढू नका, भिंतीवर लावण्याजोग्यांच्याच काढा. सबस्क्रिप्शन घेऊन पुढे बंद केलंत तरी लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो बघता येतात, एक्सपोर्ट करता येतात. डेव्हलप आणि मॅप हे भाग बंद होतात. फोटो ओलीस राहतील ही भीती तेवढी खरी नाही. एडिटिंग थांबतं, एवढं खरं.

पर्यायांबद्दल थोडक्यात. अडोबी आता लाइटरूम एकदाच पैसे घेऊन विकत नाही. सबस्क्रिप्शन घेताना 'वार्षिक करार, मासिक हप्ता' आणि खरोखरचा महिन्या-महिन्याचा करार यातला फरक नीट वाचा. पहिल्यात मध्येच सोडलं तर दंड बसतो. डीएक्सओ फोटोलॅब एकदाच विकत घेता येतं आणि नॉइजमध्ये ते माझ्या अनुभवात अडोबीच्या थोडं पुढे आहे. पण त्यात पॅनोरमा जोडता येत नाही, आणि दरवर्षी शरद ऋतूत नवीन आवृत्ती आली की नव्या कॅमेऱ्यांची भर त्या नव्या आवृत्तीतच पडत जाते, हे धरून चाला. त्यांचंच प्युअररॉ फक्त नॉइज आणि लेन्सचे दोष काढून डीएनजी देतं. ती पुढे तुमच्याच लाइटरूममध्ये नेता येते. हा तुमच्यासाठी मधला मार्ग ठरू शकतो, मात्र तयार होणारी डीएनजी लाइटरूम ६ मध्ये उघडते ना, हे चाचणी आवृत्तीत आधी बघा. आणि अशा डीएनजी मूळ फाइलीच्या कित्येक पट मोठ्या होतात, तेव्हा निवडक फोटोंच्याच करा. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आणि ताकदवान आहेत. डार्कटेबलची पद्धत लाइटरूमहून इतकी निराळी आहे की पहिले काही आठवडे फोटो आधीपेक्षा वाईट होतील. ते शिकण्याची आवड असेल तर जरूर जा, फक्त पैसे वाचवायला जात असाल तर कंटाळून परत याल.

तुमच्या जागी मी काय करेन? या हिवाळ्यात लाइटरूम ६ वरच राहीन. आयएसओचा फिल्टर लावून यादी काढेन. त्यात वर्षाला पाच-दहाच फोटो निघत असतील तर लॅपटॉप बदलेपर्यंत काहीही विकत घेणार नाही. एखाद्या खास फोटोसाठी एखाद्या मित्राच्या यंत्रावर डीनॉइज करून घेईन. यादी मोठी असेल, ताडोबाच्या पहाटेच्या फाइलींनी भरलेली असेल आणि तुम्ही छापत असाल, तर लॅपटॉप आणि मिररलेस घेताना सॉफ्टवेअरही त्याच वेळी बदलेन, आणि लाइटरूमची सवय जडलेली असल्याने क्लासिकच घेईन. १६ जीबीपेक्षा कमी रॅमचा किंवा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप घेणार नाही. अॅपल सिलिकॉनचा मॅक असेल तर वेगळं कार्ड लागत नाही. आणि जुना लॅपटॉप लगेच विकणार नाही. लाइटरूम ६ आणि त्याचा कॅटलॉग त्यावर चालू स्थितीत निदान वर्षभर ठेवेन, म्हणजे नव्या कॅटलॉगमध्ये काही बिनसलं तर पडताळून बघायला मूळ काम समोर असेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे: तुम्ही छापता का, आणि किती मोठं. ते सांगा. सोबत तुमच्या यादीतल्या दोन-तीन फाइलींचे आयएसओ आणि क्रॉप केल्यानंतरचे पिक्सेल लिहा. लग्नाच्या फोटोंबद्दलही एवढं कळू दे की ते घरच्यांसाठीच आहेत की पुढे कामं घ्यायचा विचार आहे. तसा विचार असेल तर मास्किंगचा हिशोब बदलतो आणि मग मी तुम्हाला थांबायला सांगणार नाही.